पडलं की 'सोबचॅक!'

६ सप्टेंबर, शुक्रवार

आज ऑगीच्या बारमध्ये मंडळाची बैठक. शाळेच्या फुटबॉल संघाला यंदा शंभर वर्षं होतात, म्हणून गावानं मतं टाकून आपला सगळ्यात लाडका रनिंग बॅक निवडायचा. चेंडू पोटाशी धरून माणसांच्या भिंतीत घुसणारा गडी! यादीत सात नावं. बेलमी जिंकणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला जांभया यायला लागल्या.

तेवढ्यात ऑगीकडच्या नव्या पोरीच्या हातून ग्लास पडला आणि अख्खा बार नेहमीसारखा ओरडला — "सोबचॅक!"

मी म्हटलं, "अरे, आठवं नाव हेच घाला की!"

ऑगीला हसता हसता ठसका लागला. घातलं नाव. ती पोरगी विचारते, "सोबचॅक हा माणूस आहे? मला वाटलं, काही पडलं की असंच म्हणायचं असतं."

८ सप्टेंबर

लग्नात केक पडो, चर्चमध्ये मेणबत्ती पडो — चव्वेचाळीस वर्षं या गावात एकच आरोळी.

ऐंशी सालची फायनल. शेवटचे अकरा सेकंद. रेषा फक्त एक यार्ड दूर, चेंडू घेऊन ती ओलांडली की जिंकलो. मी क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती देणारा. मी टेडी सोबचॅकच्या हातात चेंडू दिला, त्यानं पाडला, आपण हरलो. गाव असं सांगतं. मीही असंच सांगतो, आणि मी सांगितलं की जास्त हसू येतं.

१४ सप्टेंबर

चर्चच्या बायकांची पिएरोगींची, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांची, विक्री. डझनाला एक मतपत्रिका. टेबलावर आठ कॉफीचे डबे, प्रत्येकावर एक नाव. सोबचॅकचा डबा दुपारी एकलाच भरला! कॉलेजातली पोरं तर दोन-दोन डझन घेत होती, फक्त त्याच्या डब्यात चिठ्ठी टाकायला. फादरनीसुद्धा इकडे-तिकडे बघून हळूच टाकली.

१९ सप्टेंबर

टेडी स्वतः घरी आला. लंगडत. तीस वर्षं पोलाद कारखान्यात कोक-कोळशाच्या भट्टीवर घालवली, आता शाळेची बस चालवतो. हातात लोणच्याच्या मिरच्यांची बरणी.

"वॉल्ट, माझं नाव तू घातलंस म्हणे."

"मग! आणखी कोण घालणार?"

दारातच उभा राहिला. मग म्हणाला, "लोक खरंच मतं देतायत का रे? चेष्टा नाही ना?"

"गाव बदललंय, टेडी," मी म्हटलं. चेहऱ्यावरची रेघही हलू दिली नाही! त्याचे डोळे भरून आले. तो गेल्यावर ऑगीला फोन लावला. दोघंही पोट धरधरून हसलो.

डेनीस स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. "थोडी तरी लाज वाटते का?"

"विनोद आहे गं."

"बायको म्हणून पस्तीस वर्षं ऐकतेय तुझे विनोद. त्या माणसानं तुझ्याबद्दल कधी एक वाकडा शब्द काढलाय?"

मिरच्या मात्र झकास आहेत.

२७ सप्टेंबर

सोबचॅक १,१०६. बेलमी ४१२. हा हा हा!

२ ऑक्टोबर

सगळी मजा गेली.

मंडळानं टेडीला विचारलं, अकरा तारखेला सामन्याच्या मध्यंतरात भाषण करशील ना? तो म्हणाला, "भाषण-बिषण नको. मला तो एक यार्ड पाहिजे. वॉल्टनं चेंडू द्यावा, मी रेषा ओलांडतो आणि घरी जातो."

ऑगीच्या बायकोनं डोळ्याला रुमाल लावला. ऑगी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "काय जोडी! ऐंशी सालचीच!"

मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?

३ ऑक्टोबर

ही वही कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो.

रनिंग बॅक दोन हातांची खोबण करून पळत येतो. क्वार्टरबॅकनं चेंडू त्याच्या पोटात ठेवायचा. बस्स, एवढंच काम. टेडी बरोबर आला होता, हात बरोबर होते. माझी नजर होती प्रेक्षकांत — हिरव्या टोपीवाल्या माणसावर. तो कॉलेजच्या संघासाठी माझा खेळ बघायला आला होता. मी न बघता चेंडू दिला. तो टेडीच्या कमरेच्या हाडावर आपटला.

वर दहा-बारा जण पडले. कुणाला काय दिसणार? कोच टेडीवर ओरडला आणि मी गप्प बसलो. मला शिष्यवृत्ती मिळाली, मग विम्याचं ऑफिस, शाळेच्या भिंतीवर फोटो. तो भट्टीवर गेला.

लोक त्याला हसतायत तोवर माझ्याकडे कुणी बघत नाही. म्हणून तर मी त्यांना हसवत ठेवतो. टेडीला स्वतःलाही वाटत असणार की आपणच पाडला. वाटू दे.

९ ऑक्टोबर

टेडी बस डेपोमागच्या गवतात सराव करतो म्हणे. एकटाच. पोटाशी पावाचं पुडकं धरून! ऑगीनं नक्कल करून दाखवली. बार कोसळला. मीही हसलो, थोडा उशिरा.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं एकदाचं.

मध्यंतर. मैदान खच्चून भरलेलं. टेडीनं त्याची जुनी एकतीस नंबरची जर्सी घातली होती. पोटावर ताणलेली, पण इस्त्री केलेली. मी चेंडू घेऊन उभा. डेनीस दोरीपाशी, आमच्यापासून दहा पावलांवर, फोनवर चित्रीकरण करत.

तो आला. लंगडत का होईना, हात उघडे ठेवून आला. मी चेंडू दिला. पडला!

तीन हजार माणसं एका सुरात — "सोबचॅक!" पोरं बाकांवर नाचली. बँडवाल्यानं ढोल हाणला. टेडीनं मोडका गुडघा वाकवून चेंडू उचलला, माझ्याकडे बघून म्हणाला, "असू दे," आणि एकटाच चालत रेषेपलीकडे गेला. तोवर लोक हॉट डॉगच्या रांगेत पोचले होते.

बिचाऱ्याचे हातच तसले. नशीब एकेकाचं.

१२ ऑक्टोबर

काल खोटं लिहिलं.

चेंडू देण्याआधी तो माझ्या अगदी जवळ आला होता. हळूच म्हणाला, "या वेळी पोटात दे, वॉल्ट."

त्याला ठाऊक होतं! पहिल्यापासून. चव्वेचाळीस वर्षं आरोळ्या ऐकल्या आणि एका माणसाजवळ बोलला नाही. आवाजात राग नव्हता. नुसतं मागत होता.

मला ऐकू आलं. नीट ऐकू आलं. आणि मी मुद्दाम कमरेच्या हाडावर मारला. आता उद्या तो काहीही सांगो, कोण विश्वास ठेवणार?

डेनीस सकाळपासून फोन हातात घेऊन बसली आहे. तेच चित्रीकरण. तीनदा बघितलं. मला दाखवलं नाही.

१३ ऑक्टोबर

न्याहारीला बसलो होतो. डेनीसनं माझ्याकडे बघितलं, हातातला कप हवेत धरला आणि सोडून दिला. तुकडे माझ्या पायापर्यंत आले.

मग शांतपणे म्हणाली, "ब्रेझिना."

माझं आडनाव.