दांडीची जाडी

किन्शासा,
१४ सप्टेंबर १९८६

प्रिय न्झुझी,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. बिलोंदाबाईंनी ते कापडाच्या गठ्ठ्यातून काढून हातात दिलं आणि म्हणाल्या, "घे बाई, तुझ्या जुळ्या भावाला आठवण झाली एकदाची!" आठ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. मधे एक नदीच तर आहे. बिलोंदाबाई आठवड्यातून दोनदा बोटीने ब्राझाव्हिलला जाऊन येतात, आणि आपल्याला एक पत्र जमू नये!

मी बरी आहे. दुकानावर नवे पत्रे टाकले. बाबांचा रंधा अजून चालतो. गिऱ्हाईक आजही आत येऊन विचारतं, "कारागीर कुठे आहेत?" मी म्हणते, "समोर उभी आहे." मग ते जरा गिटार उलटीसुलटी करून बघतं. मासे फार महागलेत, पोंदूच्या पालेभाजीवरच दिवस काढते. मालेम्बाला नमस्कार सांग. तुझ्या या बायकोला मी पाहिलेलं नाही, पण ती तुला बरी धाकात ठेवत असावी, असं पत्रावरून वाटतं.

आता तुझ्या गिटारचं. तू लिहितोस, "डावा हात मुळातच कमजोर, आता तर दोन गाण्यांत आखडतो, तेव्हा अरुंद दांडी करून दे." करून देते. पण नुसतं लहान-मोठी म्हणून दांडी होत नाही, मापं लागतात. वर जी हाडाची पट्टी आहे, जिच्या खाचांतून तारा उतरतात, तिथे दांडीची रुंदी मोज, या कडेपासून त्या कडेपर्यंत. तशीच बाराव्या पडद्यापाशी मोज. मग त्या हाडाच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंतची लांबी. सगळं मिलिमीटरमध्ये. वितीने मोजून पाठवशील, ओळखते मी तुला.

एवढं पुरे.

पत्र मिटलं होतं, पुन्हा उघडलं. काही लिहायचं राहिलं असं वाटत होतं. तेवढ्यात पोंदू करपली, उठावं लागलं. आता आठवत नाही. रुंदी आणि लांबी, एवढंच कळव.

तुझी,
न्सिंबा


किन्शासा,
२८ सप्टेंबर १९८६

प्रिय न्झुझी,

तुझी मापं आली. त्रेचाळीस, बावन्न आणि तीनशे पंचवीस. खाली तू लिहिलंस, "बाबांच्या मापांच्या कागदावर हेच आकडे होते ना? म्हणजे दांडी ठीक आहे, दोष माझ्या हाताचाच."

मंगळवारपासून हे एकच वाक्य वाचते आहे. लाकूड शिकंज्यात लावते, सोडते. दारापर्यंत जाते, परत येते. काल बिलोंदाबाई उत्तर न्यायला आल्या तर त्यांना "उद्या या" म्हटलं. त्या म्हणाल्या, "भावाला दोन ओळी लिहायला एवढा विचार?" त्या आज दुपारी पुन्हा येतील. त्याआधी लिहून टाकायला हवं.

मी तुला अर्धंच मोजायला सांगितलं. रुंदी वरून दिसते, म्हणून लोक रुंदी मोजतात आणि दांडी मोजली असं समजतात. पण हाताला झेलावी लागते ती जाडी, आणि ती मुठीत झाकलेली असते. ती अशी मोज. तारा सैल कर. पहिल्या पडद्याच्या शेजारी, पडद्यावर नाही, लाकडावर, पुढच्या बाजूपासून पाठीपर्यंत किती जाड आहे ते बघ. व्हर्निअर नसेल तर सायकलवाल्याकडून सरकता पाना माग. त्याचा जबडा दांडीला अलगद टेकेपर्यंत आवळ, तसाच बाजूला काढ आणि मधली फट पट्टीने मोज. मग दहाव्या पडद्याशेजारी तसंच कर.

बाबा तुझ्या हातासाठी पहिल्या पडद्याशी एकवीस ठेवायचे, दहाव्याशी तेवीस. तुझ्या गिटारवर सव्वीस आणि अठ्ठावीस भरतील. मोजण्याआधीच सांगते आहे, कारण ती दांडी मी केली आणि जाणूनबुजून तशी केली.

ब्राझाव्हिलचा तो वाद्यवृंद आपल्याकडे वादक निवडायला आला, तेव्हाची गोष्ट. तुझ्या जुन्या दांडीला बाक आला होता आणि तू नवी मागितलीस. निवड झाली असती तर तू वर्षभर दौऱ्यावर गेला असतास. बाबा आधीच गेलेले. आईचे पाय सुजलेले, तिला न्हाणीपर्यंत न्यायलाही दोघं लागायची. तू वाटेला लागलास की मी काय करणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुला सांगता आलं असतं, "जाऊ नकोस." तू थांबला असतास, किंवा आपण भांडलो असतो. मी काहीच बोलले नाही. रुंदी बरोबर ठेवली, म्हणजे तू मोजलंस तरी कळू नये. पाठ मात्र रंधली नाही. नुसती घासून गोल केली, चकाकी आणली आणि निवडीच्या दिवशी सकाळी तुझ्या हातात दिली, बदलायला वेळच उरू नये म्हणून.

तू दोन सूर वाजवलेस आणि म्हणालास, "न्सिंबा, मूठ भरल्यासारखी वाटते गं."

"नवं लाकूड आहे," मी म्हणाले. "हात बसेल."

तिसऱ्या गाण्यात तुझा अंगठा आखडला. मी मागे उभी राहून पाहत होते. त्यांचा म्होरक्या सगळ्यांसमोर हसला, "साहेबांचा हात दमला वाटतं!" घरी येऊन तू आईच्या खाटेपाशी बसलास, तिला पाणी पाजलंस आणि म्हणालास, "आई, मी कुठेही जात नाही आता." तिचा चेहरा खुलला. मी चुलीपाशी होते. न्झुझी, मलाही बरं वाटलं. लाज नाही वाटली, बरं वाटलं. तेच आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

चार महिन्यांत आई गेली. सुतक फिटलं आणि तू नदी ओलांडलीस. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. तू दार ओढून घेतलंस आणि मी सुटकेचा श्वास टाकला, की आता तो हात रोज डोळ्यांसमोर येणार नाही.

तुझ्या हाताला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं.

मोज आणि आकडे कळव. दुसरं काही लिहावंसं वाटलं नाही तर नको लिहूस. बिलोंदाबाई आल्या वाटतं.

न्सिंबा


किन्शासा,
१९ ऑक्टोबर १९८६

न्झुझी,

"प्रिय" लिहून खोडलं, म्हणून हा दुसरा कागद.

तीन आठवडे तुझं काही नाही. बिलोंदाबाईंची बोट लागायच्या वेळी मी धक्क्यावर जायची आणि त्या लांबूनच मान हलवायच्या. काल हलवली नाही.

सव्वीस आणि अठ्ठावीस. तीन वेळा मोजलंस म्हणतोस, पाना बदलूनसुद्धा. मग तू वाजवतोस त्या हॉटेलातल्या दुसऱ्या वादकाची गिटार मागून घेतलीस आणि सात गाणी सलग वाजवलीस, मुख्य सुरावट स्वतः धरून. अंगठा आखडला नाही. घरी येऊन ताट भिंतीवर फेकलंस. मालेम्बाने विचारलं, "काय झालं?" तर म्हणालास, "आठ वर्षं तेल चोळलं मी या हाताला."

हे वाचताना मला बसवेना. दुकान बंद करून बाजाराच्या टोकापर्यंत चालत गेले. काय घ्यायला निघाले होते तेही आठवेना. काही न घेताच परत आले.

पुढे तू लिहिलंस, "माझी दांडी तुझ्याकडून नको. इथे एक म्हातारा कारागीर आहे, त्याच्याकडून करून घेतो." ठीक आहे. त्याला जाडी तूच सांग, एकवीस आणि तेवीस, आणि तो रंधत असताना समोर बसून राहा.

आणि मग शेवटच्या पानावर तो काढलेला हात. पेन्सिलीने, बोटं फाकवून. "ही लुझोलो, माझी मुलगी, सात वर्षांची. गिटार हवी म्हणून जीव खाते. हात कागदावर काढून पाठवतोय, पण यावरून तुला जाडी कळायची नाही. येऊन मोज."

आईचं नाव ठेवलंस आणि मला सात वर्षांत कळू दिलं नाहीस. रागावायचा मला हक्क नाही, तरी रडताना थोडी रागावले.

शनिवारी सकाळच्या बोटीने येते. सोबत व्हर्निअर आणि लाकडाचे पाच तुकडे आणते, वेगवेगळ्या जाडीचे, पाठ गोल केलेले. तिला डोळे मिटायला लावून एकेक तिच्या मुठीत द्यायचा. ज्यावर तिचा अंगठा सहज टेकेल तो तिचा. तो तू निवड. मी फक्त आकडा लिहून घेईन.

तू धक्क्यावर येणार नाहीस, मालेम्बा येईल, हे वाचलं. घरात असशील की नाही तेही तू लिहिलं नाहीस. असलास आणि बोललास तर सगळं ऐकून घेईन. दारातून आत नाही घेतलंस तर अंगणात बसून पोरीचा हात मोजेन आणि दुपारच्या बोटीने परतेन.

तुझ्या पत्राला मायना नव्हता. म्हणून मीही वर-खाली नुसती नावं लिहिते.

न्सिंबा