हळदीचे वाफे आणि सुमंगलाचे कार्ड

मी, भाग्यलक्ष्मी भिकाजी गावस, वय चोवीस, अविवाहित, धंदा शिक्षिका, राहणार सर्वण, तालुका डिचोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते हृदय. येत्या सोमवारी मुंबईला त्याची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टरांनी धोका लपवला नाही, म्हणून मीही इथे काही लपवत नाही. हे लिहायला मला कोणी सांगितलेले नाही. लिहू नकोस म्हणणारे मात्र घरात दोघे आहेत.

१. गोव्याच्या कायद्याप्रमाणे माझ्या मालमत्तेतला अर्धा वाटा माझ्या आईचा, रुक्मिणी हिचा आहे. तो मला मोडता येत नाही आणि मोडायचाही नाही. बँकेतली ठेव आणि सोन्याची साखळी तिला द्यावी. पुढची कलमे उरलेल्या अर्ध्याची आहेत.

२. कॉलेजात असताना मी हळदीच्या घरगुती उपयोगांवर निबंध लिहिला. त्याला पहिले बक्षीस मिळाले. माझ्या आधी आमच्या घरात कोणी मॅट्रिकही झाले नव्हते, म्हणून वत्सला आत्याने ते प्रशस्तिपत्र काच लावून ओसरीवर टांगले. आत्या वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, घरगुती औषध देते. कोणी शंका घेतली की ती भिंतीकडे बोट करते, "आमचा चेडू बीएस्सी आसा. तेनीच लिवलेला आसा." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

निबंधात खोटे काही नव्हते. कापल्यावर हळद दाबली की रक्त थांबते. मुरगळलेल्या पायाला हळद-चुन्याचा लेप बरा वाटतो. हळददुधाने घसा निवतो. लोणचे टिकते, आणि तिच्या पानात उकडल्याशिवाय पातोळ्यांना वास नाही. हे सगळे मी आजही मान्य करते. हळदीचे काम कुठे संपते, ते मात्र मी लिहिले नाही. ती चूक माझी. प्रशस्तिपत्र माझ्या मालकीचे आहे. ते उतरवून चुलीत घालावे. काच आत्याने ठेवावी.

३. मी नऊ वर्षांची असताना घसा सुजून ताप आला. आत्याने हळददूध दिले. पंधरा दिवसांनी गुडघे सुजले, मग घोटे, मग मनगटे. आत्याने ओली हळद वाटून गरम लेप बांधले. महिन्याभराने मी चालू लागले आणि लोकांनी आत्याला नारळ आणून दिले. ही सूज लेपाशिवायही उतरते, हे मला आता डॉक्टरांकडून कळले. घशातून आलेला हा आजार सांधे सोडतो आणि हृदयाला धरतो. वेळेवर पेनिसिलिन मिळाले असते तर ही झडप कदाचित वाचली असती. आत्याने मायेने केले, तिला माफ कर, असे आई म्हणते. मी केलेले नाही. कारण पुढच्या कलमात आहे.

४. माझा थोरला भाऊ यशवंत याची मुलगी सुमंगला आठ वर्षांची आहे. यंदा गणेशचवथीच्या सुमारास तिचा घसा सुजला, मग गुडघे. मी तिला डॉक्टरांकडे नेले. तिचे हृदय अजून शाबूत आहे. ते तसे राहावे म्हणून दर एकविसाव्या दिवशी पेनिसिलिनचे इंजेक्शन, वयाची एकवीस वर्षे पुरी होईपर्यंत. दोन झाली. दुसरे घेऊन ती लंगडत आली, तेव्हा आत्या म्हणाली, "पाय बरे झाले मगो, आता कित्याक टोचतंस चेडवाक?"

"आत्ये, पायासाठी नाही. काळजासाठी."

"तुझा काळीज बिघाडला म्हणान सगळ्यांचा बिघाडतला?"

यशवंत ओसरीवर चहा पीत होता. त्याने प्रशस्तिपत्राकडे मान वळवली. "भाग्या, लिवलंस पण तूच आनि आता खोडतंस पण तूच. पुरे झाला टोचणा."

५. घरामागचा हळदीच्या वाफ्यांचा तुकडा वडिलांकडून माझ्या वाट्याला आला. यशवंतला तिथे खनिजाचा ट्रक उभा करायचा आहे. तीन वर्षे मागतो आहे, मी दिला नाही. आता देते. अट अशी की सुमंगला एकवीस वर्षांची होईपर्यंत तिच्या इंजेक्शनच्या कार्डावर एकही तारीख रिकामी राहता कामा नये. एवढे पाळत त्याने वाफ्यांवर खुशाल खडी टाकावी. डॉक्टरांनी लेखी थांबवलेले नसताना एक जरी तारीख चुकली, तर तुकडा त्याच दिवसापासून माझ्या शाळेचा. ही अट त्याला अपमानाची वाटेल. वाटू दे. मुलीसाठी जो बाप इस्पितळाची पायरी चढत नाही तो ट्रकसाठी चढेल, एवढे मी त्याला ओळखते.

६. माझी सर्व पुस्तके सुमंगलाला. कार्ड तिच्या आईने, विमला वहिनीने सांभाळावे. ती घरात चार माणसांपुढे तोंड उघडत नाही, पण विहिरीवर मला हळूच विचारते, "पुढची तारीख कधी गो?"

७. वहिनी, पुढची तारीख गुरुवार, १८ नोव्हेंबर. माझी शस्त्रक्रिया सोमवारी, १५ला. मी गेले तर गुरुवारी घरात सुतक असेल, आणि आत्या म्हणेल, बारावा होईपर्यंत पोरीला बाहेर काढू नका. तू सुमंगलाला घेऊन सकाळी आठच्या बसने डिचोलीला जा. कोणाला विचारू नकोस. माझ्यासाठी रडायचे असेल तर परतीच्या बसमध्ये रड.

वरील मजकूर मी मोठ्याने वाचून दाखवला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

भाग्यलक्ष्मी भिकाजी गावस

साक्षीदार:
१. सगुण धाकू परब, मुख्याध्यापक
२. शांता बाबली नाईक, परिचारिका

डिचोली, दि. ८ नोव्हेंबर १९९३