नकाशावर नसलेलं अंगण

प्रिय वर्षाली,

नकाशाचा फोटो मिळाला. छपाई सुबक आहे. ह्यांनी, म्हणजे तुझ्या सरांनी, आयुष्यभर केलेल्या पक्ष्यांच्या नोंदी एका भिंतीवर मांडणं सोपं नव्हतं, हे मान्य. रविवारी कॉलेजात त्याचं उद्घाटन माझ्या हातून व्हावं, अशी तुझी इच्छा आहे. त्याआधी थोडं बोलायचं आहे.

बोर धरण लाल ठिपक्यांनी नुसतं भरून गेलंय. सेलूच्या वाटेवरही तेच. आमचं बोरगाव मेघे मात्र कोरं. शेजारच्या कमलाबाईंनी फोटो पाहिला आणि विचारलं, "सर घरी राह्यतच नव्हते का वं?" मी चहा ठेवायला उठले.

बी.एस्सी.ला मलाही संख्याशास्त्र होतं. माणूस दुर्बीण घेऊन जिथे जातो, तिथलेच पक्षी मोजले जातात. तुझ्या नकाशात पक्ष्यांपेक्षा ह्यांचे रविवारच जास्त दिसतात, आणि ते कुणासोबत गेले तेही. दोघांनी मिळून पाहिलेल्या पक्ष्यांच्याच नोंदी घ्यायच्या, हा नियम तुझा. खात्रीसाठी, असं तू लिहिलंस. दुसरं नाव प्रत्येक वेळी तुझंच. डबा मात्र मी भरत होते, आणि तुला तिखट चालत नाही म्हणून तुझी भाजी वेगळी करत होते.

मागच्या वर्षी ह्यांची नजर गेली आणि बोर बंद झालं. तू दोनदा सफरचंदं घेऊन भेटून गेलीस. ते वर्ष तू 'निरीक्षण नाही' असं दाखवलंयस. निरीक्षण रोज होतं. सकाळी आम्ही अंगणात खुर्च्या टाकायचो. ते आवाज ऐकायचे, मी बघून सांगायची: नळाजवळ बसलाय, काळा, पंखावर पांढरा पट्टा, शेपटी वर. मग ते नाव सांगायचे. लिहून ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मला काही विचारून ते उत्तरासाठी थांबलेत, असं पहिल्यांदाच होत होतं.

दवाखान्यात नेलं त्या सकाळीही शीळ ऐकून म्हणाले, "दयाळ हाय. तुले दिसला का?" मला दिसला होता. त्यानंतर ते घरी आले नाहीत.

नकाशाखाली तू छापलंयस: 'शेवटची नोंद: खंड्या, बोर धरण. निरीक्षक: सर आणि वर्षाली.' हे पत्र त्या ओळीसाठी आहे. ती काढून टाक. शेवटची नोंद दयाळाची, बोरगाव मेघे, आमचं अंगण. एकाने ऐकला, एकीने पाहिला. तुझ्या नियमाला दोघं लागतात, ते आहेत. दुसऱ्या निरीक्षकाच्या जागी माझं नाव घाल, पूर्ण. ते छापून झालं की मी फीत कापायला येते.

तुझ्या सरांचीच,
सुलोचना