पाचवी मागणी

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बातमी अशी, की आमच्या लॉबिस्ट कंपनीला नवं काम मिळालंय, आणि तेही तुमच्याच खाद्यप्रक्रिया संघाचं! सरकारदरबारी संघाची बाजू मांडायची. मांडणार कोण, तर मी. फाइल उघडली आणि नाना आठवले. आपल्या शिजवायच्या खोलीत सात कारखानदार उलट्या खोक्यांवर बसून संघ काढत होते आणि मी चहा सांडत फिरत होते. संघ म्हणजे नाना, सहा काका आणि एक रबरी शिक्का. किती बरं वाटायचं त्या गर्दीत.

पण पाचवी मागणी मी तीनदा वाचली. जॅम फक्त बंद यंत्रात शिजवावा, उघड्या कढयांवर वर्षभरात बंदी घालावी. बड्यांचं फावणार आणि आपला कारखाना बंद पडणार. त्याखाली पहिली सही तुझी! वाचलं होतंस का रे? वीस तारखेला सुनावणी आहे.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी, ठमी

९ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

नाही वाचलं. संघाचा कागद वाचून सही करणं म्हणजे मित्रांवर संशय घेणं, असं नाना म्हणायचे. सातांपैकी कुणीच कधी वाचला नाही. कारकून आला तेव्हा संत्र्याचा जॅम ऐन धरायला आला होता. एका हाताने ढवळत दुसऱ्याने सही ठोकली. नानांचा मुलगा म्हणून पहिली जागा माझ्यासाठी राखली होती म्हणे. मी फुगलोसुद्धा.

यंत्र घ्यायची ऐपत नाही, आणि कढयांवरच्या अकरा बायकांना घरी बसवणं माझ्याने होणार नाही. साखरमावशी अजून बोटांत पाक धरून तार बघते. तरी माझ्यापायी नोकरीवर पाणी सोडू नकोस.

तुझा गाढव दादा

१३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

साहेबांना सांगितलं, पाचवी मागणी मी मांडणार नाही. त्यांनी फाइल काढून घेतली. नोकरी आहे, साहेबांचं तोंड तेवढं वाकडं झालंय. सुनावणीत सही करणाऱ्याला स्वतः बोलता येतं. तू ये, आणि सही मागे घेतो म्हणून सांग. संघ चिडेल, हे धरून चल. जॅमचे डाग नसलेला शर्ट घाल, असलाच तर.

मी मागे बसेन. आशीर्वाद आहेतच, ते तसेच राहू देत.
ठमी

२ एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तू मागे होतीस म्हणून तोंड उघडलं. काल आदेश आला. छोट्या कारखान्यांना सूट मिळाली, कढया वाचल्या. साखरमावशी पदराने डोळे पुसत मलाच ओरडली, की आधी अक्कल कुठे गेली होती.

आज संघाचा शिपाई आला. माझं सभासदत्व रद्द. सोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेला नानांचा फोटो, संघाच्या सभागृहातला. त्यांच्याच संघाने त्यांना घरी पाठवलं, ठमे. मला रडू आवरेना.

सातांपैकी एकटे उरलेले काका काठी टेकत आले. म्हणाले, आम्ही वाचत नव्हतो, कारण लिहिणारा आमच्यातच बसून लिहायचा. मग म्हणाले, माझंही नाव काढायला सांग.

फोटो शिजवायच्या खोलीत लावलाय. वाफेने खराब होईल म्हणून सगळे ओरडले. पण नाना जन्मभर त्याच वाफेत उभे होते.

सुट्टी काढून ये. वाट बघतोय.
दादा