राजीनामा मागं घेतला

अकोला, शनिवार

आईले प्राजक्ताचा वाकून नमस्कार.

नोकरी सोडून वरूडले येतो म्हटलं होतं, ते रद्द. घाबरू नको, बातमी चांगली आहे. अकरा शाळांतल्या अडखळत बोलणाऱ्या लेकरांले एकटीनं शिकवता शिकवता माझाच आवाज बसला होता. नव्या साहेब करिश्माताईंनी राजीनामा वाचला अन् म्हणाल्या, “उद्या मी तुह्यासंग शाळेत येतो.” दिवसभर माझ्याशेजारी बसल्या. आता माझ्याकडे चारच शाळा आहेत, बाकीच्या त्यांनी दुसऱ्या जणींले वाटून दिल्या, अन् दर शनिवारी आमी सहाही स्पीच थेरपिस्ट बसून अडचणी बोलतो.

काल सात वर्षांची खुशी पहिल्यांदा स्वतःचं नाव स्पष्ट बोलली. मी वर्गातच रडली!

जेवण आता वेळेवर होते. तुझा गुडघा कसा आहे? बाबाले म्हण, संत्री पाठवा, सहा जणींले पुरतील एवढी.

तुझीच,
प्राजक्ता