माझ्याकडची माणसं

झरी,
शुक्रवार, शाळा सुटल्यावर

प्रिय माधवी,

तुझा फोन गोपीचंदकडे आहे, आणि तुझ्या भावाशी बोलायची हिंमत माझ्यात उरलेली नाही, म्हणून कागद घेतला. चौथीच्या वर्गात बसलोय. पोरं घरी गेली, फळ्यावर सकाळचा भागाकार तसाच आहे. याआधी मी तुला एकच पत्र लिहिलं होतं, लग्न ठरल्यावर. चांगलं चार पानी, जीव ओतून. तू उत्तरात पिठल्याची कृती पाठवलीस. कारण बघायच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर तू मला विचारलं होतंस, तुम्हाला रांधता येतं का, आणि मी खिचडी म्हणालो होतो. तुझी आई पदर तोंडाला लावून हसली, गोपीचंद गोरामोरा झाला, आणि मला तू तिथंच आवडलीस. हे आज मुद्दाम लिहितोय. घर सोडून गेलीस त्या दिवसापासून तुझ्या मनात एकच प्रश्न घोळत असणार, की ह्या माणसाचं माझ्यावर कधी काही होतं का नव्हतं. होतं. आहे.

पत्रात घरी सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत असते. घरी काही ठीक नाही. तुळशीला पाणी घालतो, पण ती माझ्यावर रुसल्यासारखी वाळत चाललीय. आपल्या ऋतिकाचा हलणारा दात पडला का? तिचा वरचा दात कौलावर टाकायचा आपला बेत होता. तुमच्याकडे स्लॅब आहे, तिथं कुठं टाकला असशील याचाच विचार काल दिवसभर करत होतो. डोकं असं कुठंही भरकटतं.

त्या दिवशी मी तुला सांगितलं ते अर्धवट राहिलं. तू नीट ऐकून घेतलंस आणि एवढंच विचारलंस, "लग्नात पंगत वाढायला व्हता तो हरिओम, तोच का?" मी हो म्हणालो. सकाळी तू ऋतिकाला घेऊन पालमला, माहेरी, निघून गेलीस. तर उरलेलं असं. हरिओम माझ्याबरोबर कॉलेजात होता. ते लग्नाआधीच संपलं, तो गुजरातेत नोकरीला लागला, त्याचा संसार आहे, आमचं बोलणं नाही. लग्नानंतर तुझ्याखेरीज मी कोणाचा झालो नाही, बाईचा नाही आणि पुरुषाचाही नाही. पण मन म्हणजे काही शाळेचा दाखला नाही, इकडून काढला आणि तिकडं घातला. एखादा पुरुष आजही नजरेत भरतो. आणि तू न्हाऊन केस मोकळे सोडून ओट्यावर उन्हाला बसतेस, तेव्हा माझ्या हातातल्या वह्या तपासायच्या तशाच राहतात, हे तुला चांगलं माहीत आहे, त्यावरून तू मला कमी चिडवलेलं नाहीस. दोन्ही खरं आहे. उभयलैंगिक असा त्याला एक जड शब्द आहे, तो मला चाळिशी जवळ आल्यावर कळला. तोवर मी समजायचो की मला काहीतरी लागीर झालंय.

रविवारी मतदार यादीचं प्रशिक्षण आहे म्हणून मी परभणीला जायचो ना, तर प्रशिक्षण नव्हतं. दवाखान्यातल्या एका समुपदेशक बाईंनी पत्ता दिला होता. एका शिकवणीची खोली रविवारी रिकामी असते, तिथं पुरुष आवडणारे आम्ही सहा-सातजण बाकांवर बसायचो, शाळेतल्या पोरांसारखे. पहिल्यांदा गेलो तेव्हा समोसे घेऊन गेलो, निदान हातात काहीतरी असावं. वाटलं, आता इथं आपली माणसं भेटली. पण तिथली तरणी पोरं म्हणाली, "सर, तुमी आमच्यातलेच हाव. भिऊन लगीन केलंय नुसतं. बायकूला कशाला फसवायलेत?" मी किती सांगितलं, की बायको मला आवडते. त्यांना ते पटेना. गावात मी चारचौघांसारखा, तिथं मी घाबरट, आणि दोन्हीकडे खोटा. रडू येत होतं माधवी, समोसा तसाच हातात.

तेव्हा मागच्या बाकावरून किशनराव बोलले. रेल्वेतून रिटायर झालेत, धोतर नेसतात, बायको वारली. म्हणाले, "मपली बायको गेली तवा मला महिनाभर घास उतरला न्हाई. ते काय नाटक व्हतं का? म्या बी ह्या मास्तरसारखाच हाय." माझ्यासारखा दुसरा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि तो धोतरातला निघाला. पुढे काही रविवारांनी चहाच्या गाड्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "तिला म्या कवाच सांगितलं न्हाई. संग राहिली, पर मला न वळखता गेली. त्येचा लय तरास होतो आता." मला तेवढं पुरलं. पुढच्या रविवारी परभणीला गेलो नाही, तुझ्यासमोर बसलो आणि सांगितलं.

आता पुढचं. हे तुझ्या कानावर कितपत आलंय, मला माहीत नाही. घरच्यांनी खोदून खोदून विचारल्यावर तू "बाहेरचं हाय त्यांचं" एवढंच म्हणालीस, असं आमच्या आश्रुबाकाकांकडून कळलं. मला वाचवायला म्हणालीस, की लाजेनं तोंडातून निघून गेलं? काहीही असो, मला राग नाही. पण त्याचं काय झालं ते ऐक. काकांना वाटलं बाईचं प्रकरण आहे. ते माझ्या पाठीवर थाप मारून हसले. "गड्याच्या जातीला चालायचंच. चार लोकात माफी माग, सूनबाई येती माघारी." इतक्या वर्षांत काका माझ्यावर इतके खूश कधी झाले नव्हते.

आणि गोपीचंदनं ती बाई शोधून काढली. आमच्या शाळेतल्या सुकेशनी मॅडम. माझ्या गाडीवरून परभणीत उतरताना त्याच्या कुठल्याशा मित्रानं तिला पाहिलं म्हणे. मॅडमची बस चुकली तर सोडत जा, लेकरू एकटं असतं घरी, हे कोण म्हणायचं माधवी? तूच ना? गेल्या आठवड्यात दुपारी गोपीचंद चौघांना घेऊन शाळेच्या फाटकात आला. ती पोरांना खिचडीच्या रांगेत बसवत होती. तो तिला काय काय बोलला ते मी लिहीत नाही. नवरा गेलेली बाई म्हणून बोलला, जातीवरून बोलला, चौथीच्या पोरांसमोर. ती हातात ताटं धरून उभी होती. आणि मी? मी वर्गाच्या दारात होतो आणि माझ्या तोंडातून आवाज फुटला नाही. दुसऱ्या दिवशी काही पालक आले, ह्या बाईंची बदली करा म्हणून. माझी बदली करा असं एकही जण म्हणाला नाही.

आपल्या घरी ती आली की तू तिला तुझ्या निळ्या फुलांच्या कपात चहा द्यायचीस. ती गेल्यावर म्हणायचीस, आमच्या आईनं बघितलं तर कप उकिरड्यावर टाकील. पालमच्या घरी कोनाड्यात एक कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असतो, तो कोणासाठी, हे मी पहिल्या दिवाळसणालाच पाहिलं होतं. जावई होतो, गप्प बसलो. गप्प बसायची माझी सवय फार जुनी आहे.

परवा रविवारी तुमच्याकडे बैठक आहे. सुकेशनी मॅडमलाही बोलावलंय, आली नाही तर तिच्या घरी येऊ असा निरोप दिलाय. हे कळलं त्या दिवशी मी शेतातल्या विहिरीवर गेलो. मोटार चालू करायची नव्हती. काठावर बसून राहिलो. तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहितो, की माझ्याच्यानं आता होत नाही, इथंच सगळं मिटवावं, असं मनात आलं होतं. आमच्या रविवारच्या मंडळींच्या ग्रुपवर लिहिलं, कोणी आहे का. शाळेतली गोष्ट परभणीपर्यंत गेली होती, माझं खरं बाहेर आलं तर आपलंही नाव निघेल, ही प्रत्येकाला धास्ती. एकेक जण ग्रुपमधून बाहेर पडताना दिसत होता. मी त्यांना काय म्हणू? मीही तेच केलं असतं.

तेवढ्यात किशनरावांचा फोन आला. "मास्तर, जेवलास का?" मी म्हणालो, विहिरीवर आहे. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही आणि फोनही ठेवला नाही. बोलत बोलत घराला कुलूप लावलं, रिक्षा केली, बसमध्ये चढले, खिडकीच्या जागेवरून कोणाशी तरी भांडले. ते सगळं मी कानाला लावून ऐकत होतो. मधे मधे विचारायचे, "हायेस का?" मी म्हणायचो, आहे. झरीला उतरले तेव्हा मी त्यांना घ्यायला स्टँडवर उभा होतो. घरी आणून तुझ्या कृतीनं पिठलं केलं. गुठळ्या झाल्या. त्यांनी दोनदा मागून घेतलं आणि मग मी त्यांच्यासमोर लहान पोरासारखा रडलो. तेव्हापासून ते रोज सकाळ-संध्याकाळ फोन करून फक्त जेवलास का विचारतात, आणि खोटं सांगितलं तर त्यांना कळतं.

बुधवारी मी सुकेशनी मॅडमला सगळं सांगितलं. ती काही देवी नाही, आधी भडकलीच. "माझी लेक शेजारी खेळायला जाईना सर, आणि तुम्ही मला आज सांगायलात?" ती बराच वेळ खडूची पेटी नीट लावत राहिली. मग म्हणाली, "मी बोलले तर कोण खरं मानणार? तुम्हालाच बोलावं लागेल. पण तुम्ही हे बोलणार, हे घरच्या मॅडमना भर बैठकीत कळू देऊ नका. त्यांना आधी कळू द्या." तुला ती अजून मॅडमच म्हणते.

म्हणून हे पत्र. रविवारी तुमच्या ओसरीवर पहिल्यांदा विचारतील, पोराकडून कोण आलंय. आश्रुबाकाका येतील, पण मी बोललो की उठून जातील हे मी धरून चाललोय. किशनराव म्हणालेत, "म्या बसतो तुझ्याकडून. म्हाताऱ्याला हाणायच्या आधी लोक इचार करतेत." मी एवढंच बोलणार आहे, की बाई कोणीही नाही, सुकेशनी मॅडमचा काही संबंध नाही, माझंच असं आहे. पुढं काय होईल, नोकरी राहील का, गाव राहील का, ऋतिका माझ्या अंगावर परत झेपावेल का, मला काही सांगता येत नाही. मी फार घाबरलोय माधवी. तू माझ्या बाजूनं बोल असं मी म्हणत नाही. नको वाटलं तर त्या दिवशी ऋतिकाला घेऊन मावशीकडे जा. परत ये, असंही आज म्हणत नाही, म्हणावंसं फार वाटतं तरी. मागायचं एकच आहे. पोस्टानं हे वेळेत पोचलं नसतं, आणि दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायची सोय नव्हती. उद्या सकाळची शाळा, गोपीचंद सोयाबीनच्या मळणीवर, हे हेरून जी बाई हे तुझ्या हातात द्यायला पालमपर्यंत आली, ती सुकेशनीच आहे. तुमच्यासाठी नाही, माझ्या नावासाठी जातेय, असं तिनं मला बजावलंय. तू हे वाचतेस तोवर ती उन्हात दाराबाहेर उभी असेल, कारण आत ये म्हटल्याशिवाय ती तुमच्या घरात पाऊल टाकायची नाही. तिला आत घे. चहा दे. कोनाड्यातला तो कप काढू नकोस, तू पितेस त्या कपात दे, आई बघत असल्या तरी.

पहिल्या खिचडीपासून तुझाच,
बजरंग