आंबा, खुर्ची, किल्ली

२१ नोव्हें., शुक्र.
घोडेगाव. नवीन घर. गायकवाड सर, निवृत्त शिक्षक, आणि त्यांच्या पत्नी मार्थाबाई. दोघंच राहतात. मुलगा पुण्याला, नर्स म्हणून मला त्यानेच लावलं आहे. आईची स्मरणशक्ती तपासून त्याला कळवायचं. सरांच्या भरवशावर तिला घरी ठेवता येत नसेल तर नाताळनंतर वृद्धाश्रम. एकट्या आईला. वडील ठणठणीत आहेत, म्हणाला.

बीपी ठीक. वार विचारला. रस्त्यावरून जनावरांचे टेम्पो चालले होते. बाई म्हणाल्या, "आज बाजार हाय की." इथला बाजार शुक्रवारचाच. बरोबर धरलं. मग तीन शब्द सांगितले: आंबा, खुर्ची, किल्ली. पाच मिनिटांनी विचारले. एकही नाही.

सरांनी चहा विचारला. थोड्या वेळाने पुन्हा विचारला. आग्रही माणूस.

५ डिसें., शुक्र.
पिशवी खाली ठेवायच्या आत बाई: "आंबा, खुर्ची, किल्ली." सर खिडकीबाहेर बघत होते.

शब्द बदलायला हवे होते. चूक माझी.

"सर, पाठ करून घेतलेत?"
"रोज, प्रार्थनेच्या वेळी. जन्मभर पोरांकडून पाढेच घेतले, सिस्टर."
बाई हसल्या. "आमेनच्या आदी म्हनायला लावत्यात. देवाला काय वाटत आसंल!"

मग बाईंना चहा करायला सांगितला. पाणी, साखर, पावडर, सगळं क्रमाने. बटण फिरवलं, लायटर दाबला. ज्योत नाही. बाई पातेल्याकडे बघत तशाच उभ्या.

सर हळू आवाजात: "खालचा कॉक मी बंद ठेवतो. मी उघडल्याशिवाय गॅस नाही."

चांगली व्यवस्था. 'पतीची देखरेख भरवशाची' असं लिहिलं. सर फाटकापर्यंत सोडायला आले. "तिला माझ्याशिवाय झोप येत नाही. हेही लिहा." तसा रकाना नाही.

१९ डिसें., शुक्र.
दारात कागदाची चांदणी लावली आहे. नवे शब्द: ढग, चप्पल, विहीर. बाईंनी लगेच परत म्हणून दाखवले. मध्ये नाडी, पायांची सूज. मग विचारलं.

बाईंनी सरांकडे पाहिलं. "सांगा की वो."

सर, तुम्ही बोलू नका, असं मी म्हणणार होते. गरज पडली नाही. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. "आंबा," म्हणाले, आणि थांबले. मग, "या वेळचे अवघड होते, सिस्टर."

बाईंनी त्यांच्या हातावर थोपटलं. "ऱ्हाऊ द्या. लई झालं."

पाणी प्यायच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात गेले. ओट्याखालचा कॉक उघडा. बंद केला.

मुलगा बुधवारी येतोय. त्याने आईबद्दल विचारलं आहे. सरांबद्दल मला कोणी विचारलेलं नाही.

फाटकापाशी सर म्हणाले, "चहा घेतलात ना?"
घेतला नव्हता. "घेतला," म्हटलं.

अहवाल अजून पाठवलेला नाही.